आबांचा स्वतःचा श्वास

धुळे, मंगळवार संध्याकाळ

ड्यूटी संपवून घरी आले तरी डोळ्यांसमोर आयसीयूतल्या शिरपूरकडच्या आबांची छातीच आहे. न्यूमोनिया झाल्यापासून व्हेंटिलेटरच त्यांना ठरल्या वेळी, ठरल्या दाबाने श्वास देत होता. आज डॉक्टरांनी मोड बदलला. आता श्वास आबांनी सुरू करायचा, मशीनने फक्त दाबाची साथ द्यायची. आणि त्यांनी सुरूच केला नाही तर? मी छातीकडे बघत उभी. हलली! आपणहून. पुन्हा हलली.

बाहेर त्यांच्या बायकोने, अक्कांनी विचारलं, "पोरी, आते श्वास कोन ली राह्यनं? मशीन का आबा?"

"आबाच, अक्का. मशीन फक्त हात दी राह्यनं."

नर्सिंगच्या परीक्षेत हेच इंग्रजीत लिहिलं होतं. आज अहिराणीत सांगितलं.

अक्का शेजारच्या बाईकडे वळल्या, ताठ मानेने. "मना मालक सोता श्वास ली राह्यनात!"