बाथरूमची खिडकी

चिमे,

मी कामावर जातोय. बाथरूमचे पोपडे खरवडून प्रायमर मारलाय, तो वाळू दे. आज आंघोळ शेजारच्या काकूंकडे कर, सांगून ठेवलंय.

ओल्या भिंतीवर रंग धरत नाही, हे जन्मभर लोकांना सांगत आलो. आणि तू सासरहून सामान घेऊन परत येणार म्हणून घाईघाईत मीच ओलीवर रंगाचा हात मारला. चूक माझी. पण तासभर गरम पाणी सोडून खिडकी लावून बसलीस, तर वाफेनं नवा रंगही सुटेल. खिडकी उघडी ठेवत जा.

आवाज बाहेर जाऊ नये म्हणून लावतेस, ते कळतं मला. रडायचं तर स्वयंपाकघरात रड, तिथे ऑइल पेंट आहे, पाण्यानं सुटत नाही. मी समोर बसेन, काही विचारणार नाही.

बाबा