साक्षीत न सांगितलेलं

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

धुळे. बादलला ॲडमिट केलं. डाव्या पायाची दोन बोटं काळी पडलीत. वास येतो. अंगात ताप. साखर चारशेच्या वर निघाली – आणि शुगर आहे हेच आम्हाला ठाऊक नव्हतं!

पंधरा दिवसांपूर्वी शिरपूरला कापूस उतरवताना पायात खिळा घुसला होता. दुखत नाही म्हणाला, तसाच पिकअप चालवत राहिला. मागच्या बुधवारी मला बोटं काळी दिसली. त्याच दिवशी निघायला हवं होतं. पण आबा आले, जावयाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. आमच्या चर्चच्या मंडळीने तीन दिवस उपास धरला. मीही धरला. मी अंगणवाडी सेविका, दुसऱ्याच्या पोराला कणकण आली तरी आधी दवाखान्यात पाठवते. आणि स्वतःच्या घरात गुडघे टेकून बसले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन बोटं काढू, पाय वाचेल. सही लागेल. बादल नाही म्हणाला.

४ फेब्रुवारी

आज तीनदा समजावलं. दरवेळी एकच उत्तर – आबांना देवाने उठवलं, मला नाही उठवणार?

आबांची साक्ष ऐकतच मी मोठी झाले. छातीचा आजार, रक्ताच्या गुळण्या. गावाने आशा सोडून त्यांची खाट बाहेर काढली होती. मग एक प्रचारक आले, रात्रभर प्रार्थना केली, आणि आबा, म्हणजे सिंगा पवार, उठून बसले. पंचवीस वर्षं झाली. दर रविवारी कोणी ना कोणी ती साक्ष मागतंच, आणि आबा उभे राहून सांगतात. आमची सगळी मंडळी, साठ-सत्तर माणसं, त्या एका खाटेभोवती जमलीत म्हटलं तरी चालेल.

मी प्रभूकडे बोटं मागितली. बाकी काही नाही, दोन बोटं.

५ फेब्रुवारी

काळं वर सरकलंय. बाई म्हणाल्या, आता बोटांवर भागणार नाही, अर्धं पाऊल जाईल. उशीर करू नका.

दुपारी मंडळीचे रुपचंदभाऊ गावाहून आले. बादलचा हात धरून फार चांगली प्रार्थना केली. मग मला व्हरांड्यात बोलावून म्हणाले, ताई, तुम्हीच त्याला सहीसाठी मागे लागताय असं कळलं. कुठे अविश्वास राहिला असेल तर तो काढून टाका, अडथळा तिथेच असतो.

म्हणजे माझ्यामुळे! दिवसभर तेच डोक्यात. मी काय लपवलं? कोणाशी वाईट वागले? भावजयीशी दोन वर्षं बोलत नाही ते का? तिला फोन लावला. माफी मागितली. ती बिचारी घाबरली, काय झालं विचारत राहिली. संध्याकाळी ड्रेसिंग उघडलं तेव्हा पाऊल होतं त्याहून काळं.

शेजारच्या खाटेजवळच्या मंदाबाईंनी चहा आणून दिला. शिंदखेड्याच्या. गळ्यात निळ्या दोऱ्यात बाबासाहेबांचं लहानसं पदक. त्यांच्या मालकांचा, भिकनभाऊंचा, पाय मागच्याच आठवड्यात काढला. मी विचारलं, तुम्ही कशी हो तयारी केली मनाची? म्हणाल्या, तयारी कसली, ताई. माणूस घरी न्यायचा होता.

६ फेब्रुवारी

होस्टेलवरून सुनिताचा फोन. पपा कसे आहेत? बरे आहेत म्हटलं. दहावीची पोर, परीक्षा तोंडावर. प्रार्थना करते म्हणाली. मला ‘कर’ असंही म्हणवेना.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

ताप १०३. लघवी कमी झाली. डॉक्टरीणबाईंनी मला टेबलाशी बसवून नीट सांगितलं – विष रक्तात उतरायला लागलंय. गुडघ्याखालून पाय काढावा लागेल. उद्या दुपारपर्यंत. त्यानंतर मी काही सांगू शकत नाही. पेशंट शुद्धीत आहे, सही त्याचीच हवी.

बादलने ऐकलं, आणि भिंतीकडे तोंड केलं.

आज मी प्रभूशी भांडले. बोटं मागितली, दिली नाहीत. पाऊल मागितलं, तेही नाही. आता नुसता जीव मागते तर तुझा आवाज नाही. तू आहेस ना? हे मी लिहिलं. खोडत नाही.

आबा दुपारी पोचले. बाहेर लिंबाखाली बसलो. मी सगळं सांगितलं, रुपचंदभाऊंचं बोलणंही. मग म्हटलं, आबा, तो तुमच्या साक्षीवर अडून बसलाय. आबांनी पायातली चप्पल काढून झटकली. मग म्हणाले,

“गोळ्या घेतल्या होत्या मी.”

मला आधी कळलंच नाही. कसल्या गोळ्या?

टीबीच्या. प्रचारक प्रार्थना करून गेल्यावर चौथ्या दिवशी आबा आरोग्य उपकेंद्रात गेले होते. पुढे आठ महिने गोळ्या. कोणाला कळू नये म्हणून मागच्या दाराने जायचे. पहिल्यांदा साक्ष दिली तेव्हा तेवढं सांगायचं राहिलं. लोक रडले, चार घरं प्रभूत आली. मग पुढच्या रविवारी सांगावं तर कसं? असं करता करता पंचवीस वर्षं.

“खाटेवरून देवानेच उठवलं, पोरी. ते खोटं नाही. पण गोळ्याही होत्या.”

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. त्या तीन दिवसांच्या उपासावरून तरी. पण ते एवढेसे दिसत होते. मी एवढंच म्हटलं, मला सांगून काय उपयोग, त्याला सांगा.

ते म्हणाले, त्याला सांगितलं तर मंडळीलाही सांगावं लागेल. मग मंडळी राहील का?

मी उठून आत आले.

८ फेब्रुवारी, शनिवार



सकाळी नऊला रुपचंदभाऊ परत आले, प्रार्थनेला. मला वाटलं, आता आबा गप्प बसणार. आबा खाटेजवळ गेले. बादलचे डोळे अर्धवट उघडे. आबांनी रुपचंदभाऊंना म्हटलं, भाऊ, थांबा, आधी मला बोलायचंय. आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. गोळ्या, मागचं दार, आठ महिने. मध्ये कुठे थांबले नाहीत. मंदाबाई पण ऐकत होत्या, भिकनभाऊ पण.

रुपचंदभाऊ म्हणाले, “आबा, मी तुमची साक्ष ऐकून दारू सोडली.”

“माहीत आहे, भाऊ.”

रुपचंदभाऊ पिशवी उचलून निघून गेले. आबा बादलकडे वळले. खाटेची दांडी धरून म्हणाले, “माझ्या अर्ध्या गोष्टीसाठी मरू नको. मी पाया पडतो तुझ्या.” आणि खरंच वाकले. सासरा, सत्तरीचा माणूस!

बादलने त्यांच्याकडे बघितलं. मग मला म्हणाला, कागद आण.

सव्वाअकराला आत नेलं. दीडला बाहेर आणलं. गुडघ्याखाली काही नाही. जिवंत आहे.

प्रार्थना? नाही केली. आबांनी विचारलं, करू या का? मी म्हटलं, तुम्ही करा. तेही नुसते बसले.

१० फेब्रुवारी

ताप उतरतोय. लघवी सुरळीत. बाई पहिल्यांदा हसल्या.

आबांनी काल गावात जाऊन मंडळीसमोर सांगितलं. फोनवर फार बोलले नाहीत. निम्मे लोक मध्येच उठून गेले. कमलबाई, त्यांची स्वतःची बहीण, म्हणाली, पंचवीस वर्षं आम्हाला येड्यात काढलं. एक मात्र झालं – उखर्डूकाका सगळे गेल्यावर मागे थांबले आणि हळूच म्हणाले, मला पण चार महिने खोकला आहे, उद्या माझ्यासोबत दवाखान्यात येता का?

१४ फेब्रुवारी

बादल आबांबद्दल एक शब्द बोलत नाही. माझ्याशीही कामापुरतं. फसवलं म्हणून रागावला असेल. आबांना यायचंय, मी नको म्हटलं.

१७ फेब्रुवारी

सुनिता येऊन गेली. बापाच्या पायाकडे बघितलं, आणि कुबड्यांचं माप कधी घेणार ते विचारलं. पोरीला माझ्यापेक्षा धीर आहे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

ड्रेसिंग झाल्यावर मीच विषय काढला. म्हटलं, आबांना माफ कर, त्यांनी लपवायला नको होतं. बादल म्हणाला, “माले बठ्ठं माहीत व्हतं.” सगळं म्हणजे? मी विचारलं.

त्याची आई दगडीबाई त्या वेळी उपकेंद्रात मदतनीस होती. आबांना गोळ्या तीच द्यायची. मरायच्या आधी तिने त्याला सांगितलं होतं. त्याने आजवर कोणालाही कळू दिलं नाही, मलासुद्धा नाही. मी विचारलं, मग इतके दिवस ते चमत्काराचं काय धरून बसला होतास? म्हणाला, ड्रायव्हरचा पाय गेला तर त्याने जगून काय करायचं? मला नव्हतं जगायचं. देवाचं नाव पुढे केलं की कोणी वाद घालत नाही. पण आबा सगळ्यांसमोर स्वतःला असं खाली पाडून घेतील असं वाटलं नव्हतं. ते बघवलं नाही.

मग छताकडे बघत म्हणाला, “तू रोज पाय मागत होतीस. मी रोज मरण मागत होतो. त्याने माझंही ऐकलं नाही, हेमलता.”