शेरा : सेन्सर नादुरुस्त

३ फेब्रुवारी
आज सारखी कॉन्व्हेंटमधली ती दुपार आठवते आहे. सिस्टरांनी रेजिनाला आणि मला एकेक हात गरम पाण्यात, दुसरा गार पाण्यात बुडवायला लावला. मग दोन्ही हात कोमट पाण्यात. एकाच घमेल्यातलं पाणी एका हाताला गार, दुसऱ्याला ऊन! आम्ही दोघी बहिणी हसत सुटलो. म्हणून तर मोजायला उपकरण लागतं, मुलींनो, सिस्टर म्हणाल्या.

शाळेच्या प्रयोगशाळेत जन्म काढला आणि एकसष्टाव्या वर्षी पुन्हा नोकरी! वालीवला टिफिनची झाकणं ठोकणारा छोटा कारखाना. रोज सेन्सर तपासायचे, वहीत आकडे लिहून सही करायची. मालक विपुलशेठ हसतमुख आहेत. पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर काम करणारी जागृती नालासोपाऱ्याहून येते. न विचारताच तिने अर्धी भाकरी माझ्यापुढे ठेवली.

५ फेब्रुवारी
जागृतीच्या प्रेससमोर प्रकाशाचा पडदा आहे. एका खांबातून न दिसणारे किरण निघतात, समोरचा खांब ते टिपतो. मध्ये हात आला की किरण अडतो आणि प्रेस जागीच थांबते. आज सात वेळा थांबली. मध्ये काहीच नव्हतं. जागृती म्हणाली, “हा पडदा माझ्या सासूसारखा आहे टीचर, काही नाही केलं तरी ओरडतो!” मी काचा पुसल्या. फरक नाही.

७ फेब्रुवारी
प्रेस बंद करून रिकाम्या साच्यावर तपासणीचे सेन्सर ठेवले. वजनाच्या सेन्सरमधली बारीक तार भाराने ताणली जाते, तिचा विद्युतरोध बदलतो. चारशे दहा ग्रॅम. उष्णतेचा सेन्सर म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा सांधा, ऊब लागली की किंचित वीज देतो. छत्तीस अंश, शेजारचं लोखंड सव्वीस. कंपनाच्या सेन्सरमध्ये स्फटिक असतो, तो दाबला की वीज निघते. मिनिटाला बहात्तर ठोके.

पुन्हा मोजलं. तेच.

९ फेब्रुवारी
जागृतीने हळूच सांगितलं, तिच्याआधी या प्रेसवर गंगाराम होता. दिवाळीच्या मालाच्या घाईत त्याचा हात मनगटापासून तुटला. दवाखान्यात पोचायच्या आत तो गेला. पडदा त्यानंतर बसवला. आणि प्रेस अडते ती नेमकी तिचा हात चुकून आत जायच्या बेतात असतो तेव्हाच.

मी विपुलशेठना आकडे दाखवले. ते सगळ्यांसमोर म्हणाले, “टीचर, तुमच्या कॉन्व्हेंटमध्ये भुतांचा पण तास होता काय?” सगळे हसले. मला शरम वाटली.

१० फेब्रुवारी
वहीत शेरा लिहिला: सेन्सर नादुरुस्त. खाली सही, एमिली. विपुलशेठनी तार जोडून पडदा बाद केला. प्रेस दिवसभर एकदाही अडली नाही.

११ फेब्रुवारी
जागृतीचा उजवा हात गेला. मी लाल बटण दाबेपर्यंत प्रेस त्यावर तीनदा आदळली. माझ्या चष्म्यावर रक्त, झाकणावर बोटं चपटी. ती साच्याकडे बघत एवढंच म्हणाली — टीचर, आज का नाही थांबली?

जागृती जिवंत आहे. सही माझी आहे.

१२ फेब्रुवारी
साच्यावर आज आठशे ग्रॅम. ठोके दोघांचे, एकमेकांच्या मागेमागे —

विपुलशेठ म्हणाले, सात तारखेचं पान फाडा. मी वही छातीशी धरली. पोलीस यायच्या आत ती जोडलेली तार काढायला ते वाकले. मेन स्विच बंद होता, मी स्वतः पाहिला. तरी प्रेस त्यांच्या हातावर आदळली. हात कोपरापर्यंत आत. मग खांद्यापर्यंत — कुणीतरी आतून ओढत होतं — मग मान — 

१३ फेब्रुवारी, सकाळ
घरी आहे. कारखान्याची वही आणि उष्णतेचा सेन्सर सोबत आणलेत. उजव्या मनगटावर पाच काळे वळ. उष्णतेचा सेन्सर त्यांना लावला. छत्तीस. माझं अंग बर्फ झालंय.

दुपार
डाव्या हाताने लिहिते. पकड आवळते आहे. सही करणारा हात हवाय गंगारामला. हाड वाजलं —

कारखान्याची वही जागृतीला द्या. तिच्याच हातात. कारखान्यातल्या कुणालाही नाही. आकडे खरे आहेत, शेरा खोटा, हे कारखाना निरीक्षकांना तिने सांगावं.

आईची सोन्याची पोत रेजिनाला. पुस्तकं शाळेला.

मला शवपेटीत ठेवताना रोझरीची माळ डाव्या हाताला गुंडाळा. उजवा हात सापडणार ना—