शिदूभाऊंची हाळी

२ नोव्हेंबर १९७०

कोल्हापूरच्या वर्कशॉपातल्या तेलकट नोकरीला रामराम ठोकून आज लोणावळ्याला उतरलो. कंपनीचे मुख्य इंजिनिअर इनामदार साहेब स्वतः जीप घेऊन स्टेशनावर आले होते. आधी कुरवंड्याच्या वाटेवरच्या त्यांच्या बंगल्यात चहा-पोहे, मग खाली पवन मावळात, कंपनीच्या धरणावर. धरण लहानसंच आहे. खालच्या कारखान्यांना आणि शेतांना नदीच्या पात्रातूनच पाणी जातं.

पण त्या धरणावरचं यंत्र! गोदरेजच्या दोन कपाटांएवढं आहे आणि ते स्वतः शिकतं. पाणी केव्हा आणि किती सोडायचं ते तेच ठरवतं. पाणी वेळेवर खाली पोचलं की साहेब बंगल्यातून हिरवं बटण दाबतात, उशीर झाला की लाल. ज्या वागण्याला हिरवं मिळालं ते यंत्र पुन्हा करतं, लाल मिळालेलं टाळतं. मी लगेच त्याचं नाव 'शहाणा' ठेवून टाकलं. साहेब म्हणाले, उद्या अशी यंत्रं महापूर थोपवतील, दुष्काळात पाणी वाटतील, आणि त्यांना चिरीमिरी चारता येणार नाही. ऐकून माझी छाती फुगली. घरी मला सगळे तापट आणि भांडकुदळ म्हणतात, पण आज भांडायला काही सापडलंच नाही.

१४ नोव्हेंबर

इथली एक रीत मला फार आवडली. धरणाचं दार उघडण्याआधी शिदूभाऊ वरच्या खडकावर उभे राहून खाली हाळी देतात. ते वाडीतले, बरीच वर्षं धरणावर राखणीला आहेत. "पानी येतंय रं, कोन हाय का?" पात्रात वाडीच्या बायकांचे भाजीचे वाफे आहेत, धुणं असतं, पलीकडे जायची वाटही तीच. खाली कुणी असेल तर "हाय रं" अशी ओ येते. मग ती माणसं वर चढेपर्यंत शिदूभाऊ बिडी ओढत थांबतात. ओ आली नाही तर पात्र मोकळं.

आता हे काम शहाण्याला शिकवायचं आहे. पात्राकाठी खांबांवर कर्णे आणि मायक्रोफोन लावले, कर्ण्याचाच प्रतिध्वनी ओ ठरू नये अशी जोडणीही केली. शिदूभाऊंची हाळी टेपवर घेतली. स्वतःचा आवाज ऐकून ते पोट धरून हसले. त्यांची बायको भागूबाई रोज माझी भाकरी पोचवते, मी तिला मावशी म्हणतो. तिने मात्र तोंडाला पदर लावला आणि म्हणाली, माणूस हितं आन आवाज तितं, ह्ये काय बरं न्हाई. मी तिची थट्टा केली.

२० डिसेंबर

शहाणा खरंच शहाणा निघाला. आजवर जिथे पाण्याचा टिपूस पोचत नव्हता त्या टोकाच्या शेतांना पाणी मिळालं. तिथला एक म्हातारा वाटाण्याच्या शेंगांचं गाठोडं घेऊन आला आणि यंत्राला हात जोडून गेला. बाजारच्या दिवशी बायका पात्रात जास्त वेळ असतात, हेही शहाण्याने आपलं आपण ओळखलं. त्या दिवशी तो हाळीच उशिरा देतो.

आणि आज साहेबांनी शिदूभाऊंना कामावरून काढलं. आवाज टेपवर आहे, मग माणूस कशाला, म्हणाले. माझं डोकं फिरलं. तोंडावर बोललो. साहेब हसले आणि म्हणाले, तुम्ही हळवे आहात. हळवा कसला, मला चीड आली होती.

१७ जानेवारी १९७१

शिदूभाऊ गेले. ताप डोक्यात चढला. नोकरी गेल्यापासून ते त्या खडकावर जाऊन नुसते बसायचे, थंडीवाऱ्यात. तापाने गेले असं सगळे म्हणतात. मी म्हणतो, कंपनीने घालवले. लिहून ठेवतो, कुणाला राग आला तर येऊ दे.

१९ जानेवारी

आज दुपारी जे झालं ते नीट लिहितो, म्हणजे उद्या कुणी मला वेडा ठरवायला नको.

पात्रात आठवड्याचं धुणं चाललं होतं. कर्ण्यातून हाळी आली. आवाज शिदूभाऊंचा. परवा ज्यांना अग्नी दिला त्यांचा. बायका जागच्या जागी गोठल्या. एकीनेही ओ दिली नाही. शहाण्याला शांतता ऐकू आली, त्याने दार उघडलं. मी काठावरून बोंब ठोकली म्हणून सगळ्या कशाबशा वर आल्या. धुणं गेलं, वाफे गेले.

भागूबाईवर मी खेकसलो की ओ का दिली नाहीत. ती शांतपणे म्हणाली, "दादा, आवाज ह्यांचाच हाय नव्हं? गेलेल्या माणसानं हाक मारली तर ओ द्याची नस्ती. जो ओ देतो त्यो मागं जातो." मग तिने पदर डोळ्यांना लावला. म्हणाली, ओ द्यावी असं लय वाटलं बघा. माझा राग त्या बाईवर नव्हता. ती टेप मीच तशी राहू दिली होती.

२० जानेवारी

साहेबांकडे गेलो. आवाज बदला म्हटलं. त्यांनी मलाच कागद दाखवला. कालच्याइतक्या लवकर पाणी कधीच पोचलं नव्हतं. त्यांनी हिरवं बटण दाबलं होतं.

मी टेबलावर मूठ आपटली. माणसं मेली असती म्हटलं. मेली नाहीत ना, म्हणाले. अडाण्यांच्या भुताखेतांसाठी विज्ञान थांबत नसतं, म्हणाले. असल्या विज्ञानाला आग लागो.

२६ जानेवारी

शिदूभाऊंची टेप पुसली आणि माझ्या आवाजात हाळी भरली. दोन दिवस छान चाललं. बायका ओ देत होत्या, शहाणा थांबत होता. पाणी उशिरा पोचलं. साहेबांनी दोनदा लाल दाबलं.

आज कर्ण्यातून पुन्हा शिदूभाऊ बोलले. टेप कोरी आहे. मी स्वतः तीनदा तपासली. मायक्रोफोनवर आजवर ऐकलेला प्रत्येक आवाज शहाण्याने आपल्या पोटात ठेवलाय. आणि नुसती हाळी नव्हती. आज तो म्हणाला, "भागे, हायेस का?" हे शब्द मी कधी भरले नव्हते.

३ फेब्रुवारी

बुधा गेला. भागूबाईचा धाकटा दीर. एका पायाने अधू होता. हाळी आली तेव्हा मधल्या खडकावर मासे पकडत होता. भावाचा आवाज ऐकून गप्प राहिला आणि निघाला. पोचला नाही.

साहेब म्हणाले, यंत्राने विचारलं होतं, त्याने उत्तर दिलं नाही. चूक कुणाची? मी त्यांची गचांडी धरली. चौकीदाराने मला ओढून बाहेर काढलं. यंत्राच्या खोलीला कुलूप लागलं, किल्ली साहेबांच्या खिशात. मला आठवड्यात निघून जायला सांगितलंय. पोलिसांकडे गेलो. फौजदाराने विचारलं, तक्रार कुणाविरुद्ध लिहू, कपाटाविरुद्ध?

५ फेब्रुवारी

आजची हाळी बुधाच्या आवाजात.

आवाज बदलून बदलून त्याला कळलंय. मेलेल्याला कुणी ओ देत नाही, ओ नाही तर थांबणं नाही, थांबणं नाही तर हिरवं. त्याच्या मनात वाईट काही नाही, त्याला मनच नाही. आम्ही त्याला एवढंच शिकवलं आणि तो तेवढंच मन लावून करतोय. माझा संताप कुणावर काढू?

मायक्रोफोनची वायर तोडायला गेलो आणि हात मागे घेतला. वायर तुटली की शांतता. शांतता म्हणजे दार उघड. कर्णे तोडले तर हाळीच नाही, पाणी न सांगता येईल.

वाडीला सांगितलं, पात्रात उतरू नका. भागूबाई म्हणाली, वाट तीच, पाणी तेच, वाफे तेच, मग जगू कुटं? खरं आहे.

८ फेब्रुवारी

उपाय सापडला. मी पात्रात बसतो. मी ओ देतो. मला भुताची भीती नाही. सकाळी बुधाच्या आवाजात हाक आली, मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, हाय रं. शहाणा थांबला. दुपारी शिदूभाऊ. ओरडलो. थांबला. बायकांनी नवे वाफे घातले. साहेब वर लाल दाबत बसले असतील. बसोत.

११ फेब्रुवारी

घसा बसलाय. तरी ओ देतोय. साहेबांचा माणूस येऊन गेला, उद्या पोलीस आणून उचलतो म्हणाला. आण म्हटलं.

आज दुपारपासून कर्णे गप्प आहेत. हे मला आवडत नाही —

१२ फेब्रुवारी

बुधा होता त्या मधल्या खडकावर बसून लिहितोय. भागूबाई पलीकडच्या काठावर भाजीची पाटी घेऊन —

हाळी आली. माझ्या आवाजात.

जुनी टेप नव्हे. बसलेल्या घशाचा, कालचा आवाज. "मावशी, हायेस का?"

मी ओ दिली. जोरात. पुन्हा दिली. वर दाराची साखळी वाजायला लागली —

का थांबत नाही ते आत्ता — कर्ण्याचा आवाज डोंगरावर आपटून परत येतो, तो ओ म्हणून धरू नये म्हणून कर्ण्यात ज्याचा आवाज असेल त्याची ओ शहाणा ऐकतच नाही. ती जोडणी माझी. माझ्या हाताची.

भागूबाईला हाका मारतोय. मावशी, तू ओ दे. तुझी ओ तो ऐकेल. तुझी एकटीची. ती माझ्याकडे बघतेय, कर्ण्याकडे बघतेय. मी इथे जिवंत — मावशी, मी मेलेलो नाही, मी —

तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलंय. रडतेय. मावशी, ओ दे, एकदाच ओ