दाराबाहेर थांबण्याचं शास्त्र

४ नोव्हेंबर, मंगळवार

मोठ्या बाईंनी केबिनमध्ये बोलावलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. निरोप आला तेव्हा पोटात गोळा आला. रिकाम्या पोटी चहा घेतला की असं होतं.

वरून परिपत्रक आलंय. शिक्षकांनी दोन जादा बुद्ध्या वाढवायच्या आहेत. एक, समोरच्याच्या मनातलं ओळखायची. दुसरी, स्वतःच्या मनातलं ओळखायची. दोन्हींचा वर्गात उपयोग होतो म्हणे. त्यासाठी दोन आठवड्यांचं शिबिर, आणि ते मी घ्यायचं. शेवटी एक नमुना पाठ. प्रत्यक्ष वर्गावर, सगळा स्टाफ मागच्या बाकांवर बसलेला.

मलाच का, हे विचारलं नाही. उघड आहे. बाई म्हणाल्या की बाकी सगळे पेपर तपासण्यात अडकलेत. कौतुक आडून करण्याची त्यांची पद्धत.

शिबिर चांगलं झालं तर संस्थेच्या सगळ्या शाळांसाठी प्रशिक्षणप्रमुखाची जागा माझी. प्रशिक्षणप्रमुखाला वर्ग नसतो. एकही नसतो. नववी बसुद्धा नसते. (नववी ब आपली उदाहरणादाखल.)

संकल्प: दुसऱ्याच्या मनात शिरायला शिकणे. स्वतःचं मन मला पाठ आहे, तो धडा ऑप्शनला टाकायला हरकत नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

शिबिरात सांगण्यासाठी स्वतःच्या पद्धती टिपून ठेवाव्यात असं ठरवलं. पहिली पद्धत: मी वर्गात एकदम घुसत नाही. नववी बच्या दाराबाहेर थोडा थांबतो. मुलांना मनाची तयारी करायला वेळ मिळतो. आतला गोंगाट आपोआप विरत जातो, मग चिडीचूप. मग मी आत. एवढी शांतता शाळेत दुसऱ्या कुणाच्या तासाला नसते. संगीताच्या बाईंच्या तासाला तर मुलं चक्क हसतात.

आज थांबलो तेव्हा हात कडीवर होता आणि कडी थरथरत होती. शाळेच्या कड्या जुन्या झाल्यात. शिपायाला सांगायला हवं.

तिसऱ्या बाकावर एक चष्मेवाली मुलगी आहे. पापणी न हलवता बघते. सगळा तास फळ्याकडे तोंड करून घेतला. शेवटी गणित फळ्यावरच असतं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

शिबिराचा पहिला दिवस. विषय: चेहरा वाचणे. सगळ्यांना गोल बसवलं. सुरुवात मी पीटीच्या सरांपासून केली. त्यांच्या चेहऱ्यावर खोल, जुनं दुःख दिसलं. तसं मी जाहीरही केलं. ते म्हणाले की गुडघा दुखतोय, खुर्ची बदलून मिळेल का. दुःख नाकारणं हा दुःखाचाच भाग असतो, हे मी इतरांना समजावलं.

संगीताच्या बाई या वर्षीच नोकरीला लागल्यात. त्यांना माझा चेहरा वाचायला सांगितला. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "सर, तुम्हाला कसली तरी भीती वाटतेय का?"

नवशिक्या आहेत. मी हसून विषय बदलला. हसताना ओठ सुकून दातांना चिकटला होता. हवेत कोरडेपणा आहे हल्ली.

१० नोव्हेंबर, सोमवार

घरी प्रयोग. ऐकण्याचं तंत्र: समोरचा जे बोलतो त्यामागची भावना ओळखून त्यालाच परत सांगायची.

बायको म्हणाली गिझर बिघडलाय. मी म्हणालो, गिझर बिघडल्यामुळे तुला एकटं वाटतंय. ती म्हणाली, गार वाटतंय. मी म्हणालो, आपल्या नात्यातला गारवा तुला जाणवतोय. त्यावर तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी स्वतः होऊन इलेक्ट्रिशियनला फोन लावला. तंत्राने कृती घडते, हे सिद्ध.

जेवताना ती म्हणाली की तुम्ही घाबरलाय, कधीपासून भाताशी नुसते खेळताय. मी सांगितलं की ही सजगता आहे. ती म्हणाली, बरं, मग सजग माणसाने चार घास तरी खावेत.

१२ नोव्हेंबर, बुधवार

शिबिराचा दुसरा विषय: स्वतःच्या मनात डोकावणे. सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले. मी मिटले नाहीत. कुणीतरी लक्ष ठेवायला हवं.

सगळे गप्प. पंख्याचाही आवाज नाही, लाइट गेलेली. पीटीचे सर तर इतके आत डोकावले की घोरायला लागले. आणि मला एकाएकी वाटलं की हे सगळे आत्ता डोळे उघडतील आणि एकदम माझ्याकडे बघतील. नववी बसारखे. शर्ट पाठीला चिकटला. मी टाळी वाजवून सत्र आटोपलं. संगीताच्या बाई म्हणाल्या, आता कुठे मन लागत होतं. मी म्हणालो, मनात फार खोल जाऊ नये, पहिल्या खेपेला उंबऱ्यापर्यंत पुरे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

घात झाला.

नमुना पाठासाठी मी पाचवी अ मागितली होती. गोड मुलं आहेत, काहीही विचारलं तरी "हो" म्हणतात. मोठ्या बाईंनी यादीवर पेन फिरवून सांगितलं की नववी ब घ्या, तुमच्या तासाला तो वर्ग काय शांत असतो, सगळ्यांना बघू दे.

मी "अवश्य" म्हणालो. नंतर जिन्यात जाऊन उभा राहिलो. कठडा धरून ठेवला. शिपाई विचारून गेला की पाणी आणू का. आणलंही त्याने. ग्लास दातांवर आपटत होता.

पित्त. दुसरं काही नाही. एक पाठ. फक्त एक पाठ, मग जन्मात वर्ग नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

उपाय सापडला. युक्ती नमुना पाठाइतकीच जुनी आहे, आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक. प्रश्न विचारला की सगळ्या वर्गाने हात वर करायचा. ज्यांना उत्तर येतं त्यांनी उजवा, ज्यांना येत नाही त्यांनी डावा. मागून बघणाऱ्याला हातांचं रान दिसतं. आपण फक्त उजव्यांना उठवायचं.

नववी बला तसं सांगितलं. माझा प्रश्न असणार: "आत्ता तुम्हाला काय वाटतंय, एका शब्दात सांगा." निवडक मुलांना शब्द वाटून दिले. आनंद, उत्साह, जिज्ञासा, कृतज्ञता. मी फळ्याकडे तोंड करूनच सांगितलं, त्यामुळे कोण काय मिळाल्यावर कसं दिसलं ते कळलं नाही.

चष्मेवालीला शब्द दिला नव्हता. तिने विचारलं की सर, खरं काय वाटतं ते सांगायचं नाही का. मी म्हणालो, ते पुढच्या वर्षीच्या अभ्यासक्रमात आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

आरशासमोर सराव. "मुलांनो, भावना म्हणजे आपली मैत्रीण." चौथ्यांदा म्हणताना आवाज फाटला. बायको दारात उभी होती. म्हणाली, बाईंना सांगून टाका ना सरळ, मला त्या वर्गाची भीती वाटते म्हणून, जीव तर घेणार नाहीत त्या. मी म्हणालो की सोळा वर्षं शिकवणारा माणूस चौदा वर्षांच्या पोरांना भीत नसतो.

 तिने उद्याच्या शर्टाला इस्त्री करून ठेवली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली. लहान मुलाला करतात तसं. उगाचच.

१७ नोव्हेंबर, सोमवार

लिहू नये असं वाटतंय, पण रोजनिशी खरी असावी.

दाराबाहेर थांबलो. आज जास्त. पाय आत जाईचनात. दाराच्या दुधी काचेपलीकडे चिडीचूप. शेवटी मागून पीटीचे सर आले, "चला की," म्हणाले आणि त्यांनीच दार ढकललं.

सगळा स्टाफ मागे लहान बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. मोठ्या बाई मधोमध. मी मैत्रिणीचं वाक्य म्हणालो. प्रश्न विचारला. सगळे हात वर. मागे कुणीतरी "वा" म्हटलं.

समोर तोंड करून बसलेल्याचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूला येतो. हे गणिताच्या माणसाला सांगावं लागू नये. पण मी नववी बकडे तोंड करून उभा राहिलो असेन त्याला वर्षं झाली. मी माझ्या उजवीकडचे हात उठवले, म्हणजे नेमके त्यांचे डावे.

पहिला मुलगा म्हणाला, "भीती."

मी पुढच्याला उठवलं. तोही "भीती" म्हणाला. तिसऱ्याने इकडेतिकडे बघितलं आणि "तेच" म्हणाला. मग माझं बोट चष्मेवालीकडे वळलं. ते कसं वळलं मला माहीत नाही. तीही म्हणाली, "भीती."

मोठ्या बाईंनी मागून विचारलं, कशाची?

"सरांची," ती म्हणाली. "सर रोज दाराबाहेर उभे राहतात. काचेतून सावली दिसते. कुणाचं काय ऐकून आत येतील कळत नाही, म्हणून आम्ही श्वाससुद्धा हळू घेतो." मग माझ्याकडे वळली. "सर, तुम्ही बाहेर उभे राहून काय ऐकता?"

काय ऐकतो? छातीत धडधडतं ते ऐकतो. दुसरं काही ऐकूच येत नाही. दार उघडायला हात उचलत नाही म्हणून उभा राहतो, आणि आतली शांतता ऐकून आणखी घाबरतो. ती शांतता माझ्यामुळे असते हे मला आज कळलं. ते तिकडे मला भीत बसलेले, मी इकडे त्यांना भीत उभा, आणि मध्ये एक दार.

हे सगळं जिभेवर होतं. एवढं एक वाक्य म्हटलं असतं तर शिबिराचे दोन्ही धडे एकदम झाले असते. मुलगी वाट बघत होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, एवढं मला ओळखता आलं. पहिल्यांदाच कुणाचा तरी चेहरा बरोबर वाचला.

पण मागे मोठ्या बाई होत्या. आणि ती जागा.

मी म्हणालो, "शिस्त. मी शिस्त ऐकतो."

चष्मेवाली खाली बसली. चष्मा काढून पुसायला लागली. तास संपेपर्यंत तिने वर बघितलं नाही. उरलेल्या मुलांनी आनंद, उत्साह आणि कृतज्ञता बरोबर सांगितली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मोठ्या बाई खूश. म्हणाल्या की मुलांनी इतकं मोकळेपणाने बोलावं, आणि तरीही वर्गात धाक असावा, हे त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. जागा माझी.

फक्त दोन गोष्टी. प्रत्येक शाळेत शिबिराच्या शेवटी नमुना पाठ मीच घ्यायचा, तिथल्या एखाद्या वर्गावर. म्हणजे दर महिन्याला एक नवी, अनोळखी नववी. आणि आमची नववी ब माझ्याकडेच राहणार, कारण प्रशिक्षकाची वर्गाशी नाळ तुटू नये असं बाईंना वाटतं.

बायकोला फोन करून सांगितलं की बढती मिळाली. ती म्हणाली, आवाज असा का येतोय. रेंज नाही म्हणालो.

२४ नोव्हेंबर, सोमवार

मोठ्या बाईंनी सूचना काढली आहे. माझी पद्धत सगळ्यांना लागू. प्रत्येक शिक्षकाने तासाआधी दाराबाहेर थोडं थांबायचं, आतून पूर्ण शांतता होईपर्यंत.

घंटा झाली. व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येक दारापाशी एकेक शिक्षक उभा. पीटीच्या सरांना वर्ग नसतो, म्हणून ते जिमखान्याच्या दाराबाहेर उभे होते. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. वर्ग एकामागून एक गप्प होत गेले. सगळ्यात शेवटी संगीताचा वर्ग गप्प झाला. तिथे आधी कुणीतरी गुणगुणत होतं.

संगीताच्या बाई माझ्या शेजारच्या दारापाशी होत्या. हात कडीवर. त्यांची कडी नवी आहे, गेल्याच आठवड्यात बसवलेली. तीही थरथरत होती.

त्या माझ्याकडे न बघता कुजबुजल्या, "सर, पूर्वी मी धावत आत जायचे. आता आत जायची भीती वाटायला लागलीय. हे कमी होतं का नंतर?"

मी शिबिरातल्या आवाजात म्हणालो, होतं, सवय होते.

होत नाही.