बसल्या जागी तेवीस हजार पावलं

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग खरोखर घातला तर मला उठवायला दोन माणसं लागतील, म्हणून तो कागदावरच गोड मानून घे.) गुडघे कसे आहेत? उजवा अजून जिना उतरताना कुरकुरतो का? इकडे तुझी भावजय मजेत, शिलाई मशीन मजेत, आणि मी किती मजेत आहे ते वजनकाट्याने सांगितलंच आहे. त्याचंच लिहायला बसलोय. फोनवर तू मधेच "बरं, पुढे?" म्हणतेस आणि मी घाबरून भलतंच काहीतरी सांगून मोकळा होतो.

तुझ्या लेकीने आपल्या दोघांना पावलं मोजणारे मनगटावरचे पट्टे पाठवले, त्याला आता तीन महिने होतील. तुझा पट्टा ऑपरेशनसाठी. सात किलो उतरवून या, मग गुडघा बदलू, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. माझा पट्टा तुला सोबत म्हणून. दोघांचे आकडे दोघांच्या फोनवर दिसले की एकमेकांना हुरूप येईल, ही भाचीची कल्पना. पोरगी हुशार, पण मामाला ओळखण्यात कमी पडली.

फोनने सुरुवातीलाच वजन विचारलं. मी माझ्या लग्नाचा कोट आठवला आणि अडुसष्ट टाकलं. (जन्मभर गिऱ्हाइकांना "पोट आत ओढू नका, माप चुकतं" म्हणून दटावणारा तो मीच.) मग रोज किती कॅलरी खाणार, हे विचारलं. यादीतला सगळ्यात लहान आकडा बाराशे होता, तो दाबला. पहिल्या दोन दिवसांत भुकेने असा काही सैरभैर झालो की एका वकिलांच्या पँटचे दोन्ही पाय एकमेकांना शिवून ठेवले. वकील सज्जन, म्हणून प्रकरण आपसात मिटलं.

तिसऱ्या दिवशी मात्र नशीब फळफळलं. त्याच वकिलांच्या कोटाच्या कॉलरला आतून हाताने टाके घालत होतो, तोच पट्टा थरथरला. दुपारचे बारा, आणि नऊ हजार पावलं! सकाळपासून मी पाणी प्यायलासुद्धा उठलो नव्हतो. कदाचित मशीनवर पाय मारतो ते धरत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. (त्या दिवशी मशीन बंद होतं, याकडे मी काणाडोळा केला.) संध्याकाळपर्यंत तेवीस हजार झाली. फोनने शाब्बासकी दिली आणि वर सांगितलं, एवढं चाललात तर आणखी अकराशे कॅलरी खायला हरकत नाही. आता यंत्र एवढ्या प्रेमाने सांगतंय म्हटल्यावर मी तरी कसा नाही म्हणणार? लोणी लावलेला पाव खाल्ला, केकचा तुकडा खाल्ला, आणि तो एकटा पडला म्हणून त्याच्या सोबतीला दुसरा खाल्ला. रोज शाब्बासकी, रोज केक. कौतुकाने अंगावर मूठभर मांस चढलं, ते महिनाअखेरीस दोन किलो भरलं.

शेवटी खालच्या मजल्यावरचा घड्याळवाला पँटची लांबी कमी करून घ्यायला आला. मी फुशारकीने आकडा दाखवला. त्याने माझं पट्टा बांधलेलं उजवं मनगट घट्ट धरलं आणि म्हणाला, "आता चाला." दुकानात दोन फेऱ्या मारल्या. एकही पाऊल वाढलं नाही. मग हात सोडून म्हणाला, "आता बसा आणि शिवा." चाळीस टाके घातले, चाळीस पावलं वाढली. तुझी भावजय इतकी हसली की तिच्या हातून खडू पडून त्याचे तीन तुकडे झाले.

मीही हसलो. पण रात्रीच्या जेवणाआधी भाचीचा फोन आला आणि हसू पळालं. तिने सांगितलं, माझ्या तेवीस हजारांखाली तुझी चौदाशे रोज दिसायची. ते बघून तू खाणं नऊशेवर आणलंस, चक्कर येऊन स्वयंपाकघरात पडलीस, आणि आपल्याच्याने हे होणार नाही म्हणत पट्टा ड्रॉवरमध्ये टाकून डॉक्टरांची वेळ रद्द केलीस. ताई, तुझी चौदाशे खरी होती. दुखऱ्या गुडघ्यावर तू ती रोज चाललीस. माझी तेवीस हजार म्हणजे कॉलरचे टाके होते. मला फार लाज वाटली, अजून वाटते.

भाचीने मग मला सरळ केलं. खरं वजन टाकायला लावलं (अठ्ठ्याऐंशी, घरात कुणाला सांगू नकोस, सगळ्यांना दिसतंच). आठवडाभर नेहमीसारखं खा, फक्त लिहून ठेव, म्हणाली. मग त्यातून तीनशेच कॅलरी कमी केल्या. पट्टा डाव्या हाताला, आणि पावलांच्या बदल्यात केक बंद. पंधरा दिवसांनी बघू, जमत नसेल तर आकडा बदलू. हे मला लगेच पटलं. आधी कच्चा दोरा घालायचा, अंगावर घालून बघायचं, मग पक्की शिलाई. तीस वर्षं हेच तर करतोय. आता रोज साडेतीन हजार पावलं चालतो, पोटभर जेवतो, आणि महिन्यात दीड किलो उतरलो. वकिलांची पँटही दोन पायांची निघाली.

तुझा,
धाकटा

ता. क. मंगळवारी अकराची डॉक्टरांची वेळ मी तुझ्या नावाने परत घेतली आहे. तुला कॅलरी किती, हे तेच सांगतील, नऊशे नक्कीच सांगणार नाहीत. रागाव, पण ये. मी दाराशी असेन.

आणखी एक ता. क. तुझं माप भाचीने गुपचूप कळवलं. तुझ्यासाठी कोट आजच्या मापाचा शिवतोय, सात किलोंनंतरच्या नाही. आत घ्यायला मी आहेच.

शेवटचा ता. क. आज पट्टा चुकून उजव्या हाताला बांधला गेला. हे पत्र लिहिताना चारशे बारा पावलं झाली. तेवढी खरी करायला पत्र टाकायला पायी निघालोय. तू ड्रॉवरपर्यंतची आठ चाल.