जमनामावशीच्या टोपलीतले फोन

प्रिय यामिनी,

हे पत्र जमनामावशीने तुझ्या हातात ठेवलं की आधी तिला पाणी दे. अंधारातच घरून निघालेली असेल, मोलगीहून जीपमध्ये माणसांच्या मांड्यांवर बसून आली असेल, आणि तरी तू विचारलंस तर म्हणेल, काही नको. तिच्या 'काही नको'वर जाऊ नको. चहात साखर जास्त घाल आणि भाकरी पुढे ठेव. ती आणि तुझी सासू बोलायला लागल्या की तू मोरीत जा, कडी लाव, नळ सोडून ठेव आणि मग हे सावकाश वाच. तुमच्या कॉलनीत नळाला दिवसभर पाणी असतं असं लग्नानंतर पहिल्यांदा आलीस तेव्हा केवढ्या कौतुकाने सांगत होतीस. त्या नळाचा आज उपयोग होऊ दे.

आशाचा, म्हणजे माझा, पाय मोडलाय, हे तिने दारातच सांगितलं असेल. खरं आहे, पण घाबरू नको. घोट्याचं हाड आहे, प्लास्टर घातलंय, डॉक्टर म्हणाले जुळेल. मी खाटेवर बसून अंगणवाडी चालवते. पोरं प्लास्टरवर कोळशाने चित्रं काढतात. इंद्रसिंगच्या नातीने काढलेली शेळी तर इतकी छान आहे की प्लास्टर कापताना मला वाईट वाटेल. पाय कसा मोडला ते पुढे सांगते, कारण ते सांगायचं तर आधी रेंजचं सांगावं लागेल. तुझा फोन येत नाही आणि तुला फोन लागत नाही, त्याने माझ्या जिवाला चैन नाही, म्हणून तर हे लिहायला बसले.

तुझं लग्न झालं तेव्हा अंगणवाडीच्या ओट्यावर, कुंपणाकडच्या कोपऱ्यात उभं राहिलं की एक दांडी तरी यायची. मागच्या उन्हाळ्यात तीही गेली. कोणी म्हणतं टॉवरची बॅटरी गेली, कोणी म्हणतं त्याचं तोंडच दुसरीकडे फिरवलं. मोलगीच्या दुकानातला गोकुळ म्हणतो, कंपनी बदला. कंपनी बदलून आलेल्याला म्हणतो, आधीचीच बरी होती. रिचार्ज मात्र रेंजची वाट बघत नाही, तो आपला वेळेवर संपतो. भाकड म्हशीला पेंड चारल्यासारखं झालंय. पण चारली नाही तर नंबर बंद होतो, आणि तुझ्याकडे माझा तोच नंबर आहे, म्हणून मी चारत राहते.

आता रेंज येते ती फक्त वरच्या टेकडीवर, मोहाच्या झाडापाशी. ती रेंजही आपली नाही, नदीपलीकडची. चढून धापा टाकत उभं राहावं, तर फोन सांगतो, गुजरातमध्ये तुमचं स्वागत आहे. रोज एवढं कोण चढणार? मला अंगणवाडीचे फोटो पाठवायला जावं लागायचं तेवढंच. पण जमना शेळ्या घेऊन रोज तिथेच असते. म्हणून आधी वाहरूने आपला फोन तिच्याकडे दिला, मग दिवाल्याने, मग सगळ्यांनीच. सकाळी ती घरोघर थांबते, फोन टोपलीत घेते, संध्याकाळी आलेल्या मेसेजसकट परत देते. लिहिता-वाचता येत नाही, म्हणून ज्याच्या त्याच्या फोनला ज्याच्या त्याच्या घरच्या कपड्याची चिंधी बांधलेली असते. माझ्या फोनला तुझ्या जुन्या हिरव्या ओढणीची आहे.

पहिल्यांदा ती फोन नुसता वाजू द्यायची. पण दारात आलेल्या माणसाला ये म्हणायचं नाही, हे तिला काही जमेना. मग ती उचलायला लागली. आवाज असा येतो की मडक्यात तोंड घालून कोणी बोलतंय. कोण बोलतंय कळत नाही, आणि आपण कोण हे पलीकडच्याला कळत नाही. चार शब्द झाले की तुटतं. तेव्हा जमनाने आपली एक रीत काढली. ज्याचा फोन, तो माणूस जे म्हणाला असता, ते ती त्याच्या वतीने जोरात म्हणायची आणि ठेवून द्यायची. कोणी काळजीत राहायला नको, एवढाच हेतू. वाहरूच्या फोनवर ती सांगायची, मका गुडघ्याएवढा आलाय. भाद्रपद लागला तरी मका गुडघ्याएवढाच, म्हणून त्याचा मुलगा सुरतेहून काम टाकून धावत आला, तर मका त्याच्या डोक्याच्या वर गेलेला. त्या मुलाची बायको सुनिता अजून त्याला चिडवते. एकदा कंपनीची बाई रिचार्जचं काहीतरी सांगत होती, तिला जमनाने जेवलीस का विचारलं.

हे सगळं तुला सांगायचं राहूनच गेलं. टेकडीवर गेले की पहिला फोन तुलाच लावायचे, पण कशी आहेस आणि बरी आहे एवढ्यात आवाज जायचा. त्यात शेळ्या आणि चिंध्यांची गोष्ट कुठे सांगत बसू? शिवाय तुझ्या बोलण्यावरून मला नेहमी वाटायचं की शेजारी कोणीतरी उभं आहे. लहानपणी पडून आलीस तरी ओट्यापासूनच काय काय झालं ते सांगत यायचीस. ती मुलगी हल्ली फोनवर पाहुण्यांसारखी बोलते, हे मला दिसत होतं. मी स्वतःला समजावत होते की रेंजमुळे तसं वाटतं. सगळंच रेंजवर ढकलायची आम्हाला सवय लागलीय.

वाघदेवाच्या सणाला आम्ही बायका पत्रावळीची पानं लावत बसलो होतो. जमना सहज म्हणाली, तुझ्या यामीचा फोन आला होता, सणाला येऊ का विचारत होती. मी तुझ्या वतीने सांगितलं, सगळं बरं आहे, घाट खराब आहे, तिथंच राहा, नंतर बघू. पावसाळ्यात मी तुला दरवर्षी हेच सांगते, ते तिने माझ्या शेजारी उभं राहून ऐकलेलं. अगदी माझ्याच ठेक्यात तिने ते म्हणून दाखवलं, आणि बायका हसल्या. मी विचारलं, कधी आला होता? म्हणाली, झाले बरेच दिवस, मक्याला तुरा यायचा होता तेव्हा. मी विचारलं, सणाला असं ती म्हणाली का? तर म्हणाली, तसं नाही, येऊ का एवढंच दोन-तीनदा नीट ऐकू आलं, आणि आपल्या पोरी याच दिवसांत येतात म्हणून मला वाटलं सणाचं असेल. मधे मधे आवाज भरून येत होता, तुझी पोर रडत होती की रेंज रडत होती, मला काही कळलं नाही.

माझ्या हातातलं पान तसंच राहिलं. कारण तू सणाला येऊ का म्हणून कधी विचारलेलं नाहीस. पिशवी घेऊन दारात उभी राहतेस आणि भूक लागलीय म्हणतेस, ही तुझी यायची रीत. विचारल्याशिवाय येणारी माझी मुलगी येऊ का म्हणून विचारते, तेही पुन्हा पुन्हा, ते सणासाठी नव्हे हे कळायला मला रेंज लागत नाही.

फोन घेतला आणि तशीच टेकडी चढले. पाऊस होता. तुझा नंबर लावला तर या नंबरवर फोन येणं बंद आहे, असं एक बाई गुजरातीत गोड आवाजात सांगायला लागली. म्हणजे तुझा रिचार्ज संपलाय आणि कोणी भरून दिलेला नाही. मी परत परत लावत राहिले. शेवटी त्या बाईलाच सांगितलं, माझ्या मुलीला सांग ते मी बोलले नव्हते. मग अंधारून आलं म्हणून घाईने उतरले आणि घसरले. तुझ्या बाबांनी आणि जमनाने झोळी करून खाली आणलं. त्या दिवसापासून जमना कोणाचाच वाजणारा फोन उचलत नाही. मी तिला सांगितलं, तू माझंच वाक्य बोललीस, दुसऱ्या कोणाचं नाही. तिच्यावर मी जराही रागावलेली नाही, तूही रागावू नको. राग मला त्या घराचा आहे, जिथे माझ्या मुलीला आईकडे यायची परवानगी मागावीशी वाटली आणि ती मिळाली नाही म्हणून गप्प बसावं लागलं. इतके दिवस तू हेच समजून राहिली असशील, की आईनेच येऊ नको म्हटलं.

तुझे बाबा तेव्हाच निघाले होते. मी अडवलं. बाप गेला की पंच बसतात, जुनं-नवं निघतं आणि महिने जातात. मावशी गेली की नुसता चहा होतो. तर पत्राचं कारण एवढंच, यामिनी. येऊ का, असं तू विचारलंस आणि आईचं उत्तर तुला अजून मिळालेलं नाही. ते हे. ये. जमना तुला न्यायलाच आलीय. आजारी आईकडे लेकीला धाडायला आपल्यात कोणी नाही म्हणत नाही, आणि पाय खराच मोडलाय, तिला खोटं बोलावं लागणार नाही. कितला दिन ऱ्हाई, असं तुझी सासू विचारेल. जमना म्हणेल, पाय बरा होईपर्यंत. तू मान हलव, पण कपडे सगळे घे, शाळेचे दाखले घे, आणि हे पत्र तिथे ठेवू नको. काय झालं ते मला सांगावंसं वाटलं तर सांग, नाही वाटलं तर नको. पंच पुढे बसायचे असतील तर बसू देत, तेव्हा तू माझ्या शेजारी असशील. तुझ्या कोपऱ्यावरचं छप्पर गळत होतं, तिथली कौलं बाबांनी काल न सांगता बदलली. आज जमनाच्या शेळ्या त्यांच्याकडे आहेत, आणि शेळ्या राखणं त्या माणसाला या जन्मात जमायचं नाही, तेव्हा दोघी मिळेल त्या गाडीने निघा.

तुझीच,
आई